आकडे जसेच्या तसे
एक्सेलमधील तक्ते व आलेख वर्डच्या दस्तऐवजात नेताना घ्यावयाची काळजी

जयपूरच्या नैर्ऋत्येस मानसरोवर ही विस्तीर्ण वसाहत पसरली आहे. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने ती वसवली. शिप्रा पथ, वरुण पथ, रजत पथ, स्वर्ण पथ अशी तिच्या रस्त्यांची नावे नवख्या माणसाच्याही सहज लक्षात राहतात. ३ जून २०१५ रोजी जयपूर मेट्रो सुरू झाली, ती याच मानसरोवर स्थानकापासून चांदपोलपर्यंत. शेजारचे सांगानेर ठशांच्या कापडछपाईसाठी आणि हातकागदासाठी देशभर ओळखले जाते. त्यामुळे या परिसरातील बँक शाखेच्या टेबलावर पगारदारांच्या गृहकर्जाच्या अर्जाशेजारीच छपाई कारखानदाराचे साठापत्रक येऊन पडावे, यात नवल नाही.

अशा एखाद्या शाखेत महाराष्ट्रातून बदलून आलेला अधिकारी मार्चअखेरीच्या धामधुमीत कर्जप्रस्ताव तयार करीत आहे, अशी कल्पना करावी. ग्राहकाचे आकडे एक्सेलमध्ये आहेत, प्रस्तावाचा मजकूर वर्डमध्ये आहे. तक्ता निवडला, कॉपी केला, वर्डमध्ये चिकटवला. काम अर्ध्या मिनिटात संपले. मात्र दुसऱ्या दिवशी ग्राहक कळवतो की, साठ्यात काही खराब माल चुकून धरला गेला होता. अधिकारी एक्सेलमधील ४० लाखांचा आकडा ३६ लाख करतो. २५ टक्के मार्जिन वजा जाता ड्रॉइंग पॉवर ३० लाखांवरून २७ लाखांवर येते. एक्सेल हा बदल क्षणात करून देते. वर्डमधील तक्त्यास मात्र त्याची वार्ताही नसते. प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयात जातो तेव्हा मजकुरात २७ लाख, तक्त्यात ३० लाख आणि सोबत जोडलेल्या पत्रकात पुन्हा २७ लाख असतात. शंका उपस्थित होते, प्रस्ताव परत येतो आणि रंगाचे पैसे चुकते करण्यासाठी कर्जाची वाट पाहणाऱ्या ग्राहकाचे आठ-दहा दिवस वाया जातात.

या साऱ्यात कोणी खोटे लिहिलेले नसते, हिशेबही चुकलेला नसतो. चूक झालेली असते ती आकडे एका घरातून दुसऱ्या घरात नेताना. म्हणूनच वरवर किरकोळ वाटणारे हे काम नीट समजून घेणे कर्मचाऱ्यांच्या आणि ग्राहकांच्याही हिताचे आहे.

जयपूरचाच एक जुना धडा

तक्ते आणि आकृत्या एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेण्याचा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. जयपूर शहराचे संस्थापक सवाई जयसिंह यांच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रीय पंडित होते. राजाच्या इच्छेवरून त्यांनी अरबी व फारसी भाषा आत्मसात केल्या आणि टॉलेमीचा ज्योतिषविषयक महाग्रंथ व युक्लिडची भूमिती हे ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणले. पहिला ‘सम्राट् सिद्धान्त’ या नावाने १७३२ मध्ये सिद्ध झाला. दुसरा ‘रेखागणित’ या नावाने प्रसिद्ध असून, त्याची छापील आवृत्ती १९०१-०२ मध्ये मुंबईत निघाली.

‘रेखागणिता’तील एक बारकावा आजच्या संगणक वापरणाऱ्यानेही लक्षात ठेवावा असा आहे. आकृतीतील बिंदूंना पंडितांनी क, ख, ग अशी आपल्या वर्णमालेची नावे दिली नाहीत. अरबी अक्षरक्रमास अनुसरून अ, ब, ज, द अशीच नावे ठेवली. त्यामुळे मूळ ग्रंथातील आकृती, भाषांतरातील आकृती आणि सोबतचा मजकूर यांचा मेळ कोठेही तुटला नाही. भाषा बदलली, लिपी बदलली, लिहिण्याची दिशाही बदलली. परंतु मजकुरातील ‘अब’ ही रेषा आकृतीतही ‘अब’च राहिली.

जयसिंहांच्या वेधशाळेतील दुसरा प्रसंगही तितकाच बोलका आहे. पोर्तुगालला पाठवलेल्या मंडळाबरोबर फ्रेंच ज्योतिर्विद ला हीर यांची छापील कोष्टके जयपुरास आली. परदेशातून आली म्हणून ती डोळे मिटून स्वीकारली गेली नाहीत. प्रत्यक्ष वेधांशी ती ताडून पाहण्यात आली, तेव्हा चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळला आणि तो जयसिंहांच्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या फारसी कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूदही झाला. आज मानसरोवर स्थानकातून मेट्रोत बसले की बडी चौपडपर्यंत जाता येते आणि तेथून जंतरमंतर जवळच आहे. तेथील दगडी यंत्रे पाहताना या दोन गोष्टी आठवाव्यात. तक्ता नेताना नावे व संदर्भ तुटू देऊ नयेत, आणि आलेला तक्ता मुळाशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नये.

चिकटवण्याच्या चार रीती

संगणकावरील ‘कट, कॉपी, पेस्ट’ ही पद्धत अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिजिकॅल्क’ हे पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट आले. त्यानंतर १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले. कागदी खतावणीतील आकडे खोडून पुन्हा लिहिण्याचे श्रम त्यामुळे संपले. एक गैरसमज मात्र रुजला. पडद्यावर ‘पेस्ट’ ही आज्ञा एकच दिसते, म्हणून चिकटवण्याची रीतही एकच आहे, असे अनेकांना वाटते. वस्तुतः वर्डमध्ये ‘पेस्ट’च्या खालील बाण दाबला, किंवा कंट्रोल, आल्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबून ‘पेस्ट स्पेशल’ उघडले, की अनेक पर्याय समोर येतात. त्यांचे चार मुख्य गट करता येतात.

पहिली रीत साध्या तक्त्याची. एक्सेलमधील ओळी व स्तंभ वर्डचा तक्ता होऊन येतात. मूळची सजावट ठेवावी की वर्डच्या दस्तऐवजाची शैली द्यावी, हे निवडता येते. आकडे वर्डमध्ये बदलता येतात, परंतु त्यांमागील सूत्रे येत नाहीत. ज्यात पुढे बदल संभवत नाही अशा अंतिम आकड्यांसाठी ही रीत योग्य होय. मागील वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद हे तिचे उत्तम उदाहरण.

दुसरी रीत दुव्याची, म्हणजे ‘लिंक’ची. येथे वर्डमधील तक्ता मूळ एक्सेल फाईलशी बांधलेला राहतो. एक्सेलमध्ये ४० चे ३६ केले आणि वर्डमधील तक्त्यावर कर्सर ठेवून एफ ९ ही कळ दाबली, की तेथेही ३६ येतात. आरंभीच्या प्रसंगातील अधिकाऱ्याने ही रीत वापरली असती तर प्रस्ताव परत आला नसता. मात्र मूळ फाईलचे नाव बदलले, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा वर्डची फाईल एकटीच ई-मेलने पाठवली, तर दुवा तुटतो. म्हणून दोन्ही फाईली एकाच फोल्डरमध्ये ठेवून मगच दुवा जोडावा. प्रस्ताव अंतिम झाल्यावर ‘फाईल’ मेनूतील ‘इन्फो’ या भागात ‘एडिट लिंक्स टू फाईल्स’ उघडून ‘ब्रेक लिंक’ करावे. तसे न केल्यास वाचणाऱ्याच्या संगणकावर दस्तऐवज उघडताच दुवे अद्ययावत करावेत काय, असा प्रश्न येतो आणि तो उगाच गोंधळतो.

तिसरी रीत अंतर्भूत करण्याची, म्हणजे ‘एम्बेड’ची. तक्ता आपल्या सूत्रांसह वर्डच्या पोटात जाऊन बसतो व त्यावर दोनदा क्लिक केले की तेथेच एक्सेल उघडते. सोय मोठी, परंतु दिसणाऱ्या तक्त्याबरोबर संपूर्ण वर्कबुक, म्हणजे त्यातील इतर सर्व शीट्सही, दस्तऐवजात जातात. या गोष्टीचे गांभीर्य पुढे पाहू.

चौथी रीत चित्राची. तक्ता छायाचित्राप्रमाणे गोठतो. तो कोणाच्याही संगणकावर सारखाच दिसतो आणि सहज बदलता येत नाही. बाहेर पाठवावयाच्या पत्रासाठी ती सुरक्षित आहे. मात्र चित्रातील आकडे शोधता येत नाहीत, कॉपी करता येत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकांसाठीची वाचनप्रणाली ते वाचू शकत नाही. म्हणून चित्राखाली मुख्य आकडे मजकुरात अवश्य द्यावेत.

थोडक्यात, आकडे अंतिम असतील तर साधा तक्ता, बदलणारे असतील तर दुवा, आणि बाहेर जाणारे असतील तर चित्र. अंतर्भूत तक्ता केवळ आपल्या विभागापुरता, तोही विचारपूर्वक वापरावा.

आलेखांची गोष्ट वेगळी

स्तंभालेख व रेषालेख व्यापाराच्या आकड्यांसाठी प्रथम वापरले ते स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये. वर्तुळालेख त्यांनीच १८०१ मध्ये आणला. आकड्यांची रांग वाचून जे ध्यानात येत नाही ते आलेख एका दृष्टिक्षेपात सांगतो, हे त्यांचे म्हणणे आजही खरे आहे. मात्र तो नेताना तक्त्यापेक्षा अधिक सावध राहावे लागते.

साध्या ‘पेस्ट’ने तक्ता वर्डमध्ये सुटा येतो, आलेख मात्र वर्डची मूळ मांडणी बदललेली नसल्यास मूळ फाईलशी दुवा ठेवूनच येतो, शिवाय वर्डच्या दस्तऐवजातील रंग व अक्षरवळण धारण करतो. त्यामुळे एक्सेलमध्ये लाल असलेली थकीत कर्जांची रेषा वर्डमध्ये निळी होते आणि ‘लाल रेषा पाहावी’ हे मजकुरातील वाक्य निरर्थक ठरते. मूळ रंग हवे असतील तर चिकटवतानाच ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ हा पर्याय निवडावा. दुसरे असे की, शाखांमधील बहुतेक प्रिंटर काळ्या-पांढऱ्या छपाईचे असतात. पडद्यावर वेगवेगळे दिसणारे चार रंग कागदावर एकाच करड्या छटेचे होतात. रेषांना तुटक, ठिपक्यांची अशी भिन्न रूपे द्यावीत व नावे शक्यतो रेषेजवळच लिहावीत.

आलेखाचा आकार कोपऱ्यातूनच ओढून बदलावा. केवळ बाजूने ताणल्यास तीच वाढ चढती किंवा सपाट भासू लागते. उभ्या अक्षाची सुरुवात शून्याऐवजी मधूनच होत असेल तर स्तंभालेखात लहानसा फरक प्रचंड दिसतो. ठेवीदारासमोर वा कर्ज मंजूर करणाऱ्यासमोर ठेवलेल्या आलेखात असा आभास निर्माण होणे, मग तो नकळत का असेना, विश्वासास बाधक आहे.

पूर्णांकनाचा रुपया आणि मराठीची अक्षरे

साध्या तक्त्यात एक्सेलमधील आकडा जसा दिसतो तसाच येतो, तो आतून जसा असतो तसा येत नाही. समजा, तीन शाखांच्या ठेवीतील वाढ १२.४, १५.४ आणि १०.४ लाख आहे. बेरीज ३८.२. दशांश न दाखवण्याची मांडणी केली की तक्त्यात १२, १५, १० आणि बेरीज ३८ असे दिसते. वाचणारा मनातल्या मनात बेरीज करतो, ती ३७ येते आणि संपूर्ण अहवालाविषयी त्याच्या मनात किंतु उत्पन्न होतो. यावर उपाय दोन : दशांश ठेवावेत, अथवा तक्त्याखाली ‘पूर्णांकनामुळे बेरजेत किरकोळ फरक संभवतो’ अशी टीप द्यावी. रक्कम हजारांत, लाखांत की कोटींत, हे तर तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेच पाहिजे. एक्सेलमध्ये ते बहुधा शीटच्या वरच्या कोपऱ्यात असते आणि कॉपी करताना नेमके तेच मागे राहते.

मराठीत व हिंदीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक देवनागरी फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असत. फॉन्ट त्यांना केवळ देवनागरी रूप देई. अशा जुन्या फाईलमधील तक्ता वर्डच्या शैलीत चिकटवला की फॉन्ट बदलतो आणि खातेदारांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची विचित्र रांग उमटते. मजकूर नष्ट झालेला नसतो, केवळ त्याचा मुखवटा गळून पडलेला असतो. तात्पुरता उपाय म्हणजे मूळ सजावट ठेवून चिकटवणे किंवा चित्र म्हणून नेणे. कायमचा उपाय एकच, जुना मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून तपासून घेणे. १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीस त्यात स्थान आहे आणि आजचे सर्व प्रमुख संगणक ती ओळखतात.

पानावरील मांडणी

एक्सेलच्या पडद्यास कडा नसतात, वर्डच्या पानास असतात. बारा महिन्यांचा तक्ता उभ्या पानावर चिकटवला की सप्टेंबरनंतरचे स्तंभ पानाबाहेर जातात. अशा वेळी ‘ऑटोफिट टू विंडो’ ही आज्ञा द्यावी. तरीही अक्षरे वाचता येण्याजोगी राहत नसतील तर आधी व नंतर ‘सेक्शन ब्रेक’ घालून तेवढेच पान आडवे करावे. तक्ता एकाहून अधिक पानांवर जात असेल तर शीर्षकाची ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ हा पर्याय द्यावा, म्हणजे प्रत्येक पानावर स्तंभांची नावे दिसतील. एकाच खात्याची ओळ अर्धी या पानावर व अर्धी त्या पानावर तुटू नये यासाठी तक्त्याच्या गुणधर्मांत ओळ तोडण्याची मुभा काढून टाकावी. आकडे नेहमी उजवीकडे व नावे डावीकडे लावावीत; एकंस्थानाखाली एकंस्थान आले तरच नजर चूक पकडते.

लपलेल्या ओळी, उघडी पडलेली गुपिते

आता सर्वांत गंभीर बाब. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी वित्तसंस्था कोसळली आणि तिच्या व्यवसायाचा काही भाग बार्कलेज बँकेने घेण्याचे ठरवले. कोणते करार घ्यावयाचे याची यादी एक्सेलमध्ये होती. न घ्यावयाच्या १७९ करारांच्या ओळी पुसल्या नव्हत्या, केवळ लपवल्या होत्या. न्यायालयात सादर करण्यासाठी वकिलांच्या कार्यालयात त्या तक्त्याची मांडणी रातोरात बदलून पीडीएफ करण्यात आली. त्या गडबडीत लपवलेल्या ओळी उघड झाल्या आणि नको असलेले १७९ करार यादीत जाऊन बसले. ऑक्टोबरमध्ये दुरुस्तीसाठी न्यायालयाकडे अर्ज करावा लागला.

दुसरे उदाहरण ऑगस्ट २०२३ मधील उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाचे. माहितीच्या अधिकाराखालील एका अर्जास उत्तर म्हणून दिलेल्या स्प्रेडशीटमध्ये एक शीट लपलेली राहिली. तीत साडेनऊ हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांची आडनावे, नावांची आद्याक्षरे, हुद्दे व नेमणुकीची ठिकाणे होती. जेथे पोलिसांच्या जिवावर हल्ले होण्याचा इतिहास आहे, तेथे ही चूक केवळ कार्यालयीन राहत नाही. त्या दलास पुढे साडेसात लाख पौंडांचा दंडही झाला.

या घटना दूरच्या असल्या तरी त्यांचे कारण प्रत्येक शाखेच्या संगणकात आहे. एका ग्राहकास पाठवलेल्या पत्रात आलेख ‘एम्बेड’ केला, तर त्यामागील वर्कबुकमध्ये असलेल्या अन्य शंभर ग्राहकांच्या शिलका त्याच्या हाती पडू शकतात. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यातील कलम १३ ग्राहकांच्या व्यवहारांची गुप्तता राखण्याचे बंधन बँकेवर घालते. नकळत घडले, या सबबीने ते बंधन सैल होत नाही.

काळजी अवघड नाही. लपवलेले म्हणजे पुसलेले नव्हे, हे प्रथम मनावर ठसवावे. कॉपी करण्यापूर्वी लागणारा भाग निवडून आल्ट व अर्धविराम या कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे केवळ दिसणारे कप्पे निवडले जातात. त्याहून उत्तम म्हणजे पाठवावयाचे तेवढेच आकडे नव्या, कोऱ्या वर्कबुकमध्ये ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटवून तेथून वर्डमध्ये न्यावेत. बाहेर जाणारा आलेख चित्ररूपातच पाठवावा. अंतिम दस्तऐवजाची पीडीएफ प्रत काढावी व ती पानोपान वाचून मगच रवाना करावी.

ताळा घेण्याची सवय

हे सारे करूनही एक काम उरते आणि ते कोणतेही यंत्र करून देत नाही. रोकड मोजून झाल्यावर रोखपाल ती पुन्हा मोजतो. त्यात स्वतःवरचा अविश्वास नसतो, कामाची शिस्त असते. तक्ता चिकटवल्यावरही तसेच करावे. पहिली ओळ, शेवटची ओळ, एकूण बेरीज आणि मजकुरात उल्लेखलेला प्रत्येक आकडा मूळ शीटशी जुळवून पाहावा. तक्त्याखाली मूळ फाईलचे नाव व आकड्यांची तारीख लिहावी. या सर्वास पाच मिनिटे पुरतात.

ग्राहकांनीही हे पथ्य पाळल्यास त्यांचाच लाभ आहे. प्रकल्प अहवाल, साठापत्रक वा गृहसंस्थेचा वार्षिक हिशेब देताना त्यातील तक्ता, आलेख व मजकूर एकच गोष्ट सांगत आहेत ना, हे पाहावे. असे कागद हाती आले की बँकेतील प्रश्न कमी होतात आणि निर्णय लवकर होतो.

तीन शतकांपूर्वी जगन्नाथ पंडितांनी अरबीतील आकृती संस्कृतात आणताना ‘अ’ चा ‘अ’ आणि ‘ब’ चा ‘ब’ राखला. साधने बदलली, वेग बदलला. मात्र आकडा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नेणाऱ्याची जबाबदारी तीच राहिली आहे. ज्याचा तो आकडा आहे त्याची रोजी, त्याचे घर, त्याची पत त्यावर अवलंबून असते. म्हणून तो जसाच्या तसा पोचला पाहिजे.